"चा" या प्रत्ययाचा घोटाळा: जीन नक्की काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा होता: एमएस्सी करणारा एक मुलगा विचारतोय की वर्गात अजून "अमक्याचा जीन, तमक्याचा जीन" असंच शिकवतात (जीन म्हणजे जनुक) आणि सेमिनारला आलेली मोठी माणसं मात्र म्हणतात की जेनेटिक रिडक्शनिझम (सगळं काही एकेका जीनवरून समजवायची पद्धत) संपला, मग मानायचं काय, जीनला किंमत आहे की नाही, आणि पुढे पीएचडी जेनेटिक्समध्ये करू की नको.

किंमत आहे हो, भरपूर आहे, माझी तर भाकरीच त्यावर आहे. गेली २२ वर्षं मी उंदरांमधला एखादा जीन काढून टाकायचा आणि मग काय बिघडतंय ते बघत बसायचं, हेच काम करतेय. पण इतकी वर्षं हे केल्यावर माझं मत असं झालंय की सगळा घोटाळा "चा" या एका प्रत्ययात आहे. उंचीचा जीन, कॅन्सरचा जीन, रागाचा जीन. "चा" लावला की ऐकणाऱ्याला वाटतं ती गोष्ट त्या जीनच्या पोटात भरून ठेवलीय. आपल्याला प्रयोगातून कळतं ते खूप कमी असतं: हा जीन असा असला किंवा तसा असला तर फरक पडतो, आणि तोही ह्या प्राण्यात, ह्या परिस्थितीत. फरक कशानं पडला हा एक प्रश्न आणि ती गोष्ट मुळात बनते कशी हा दुसराच प्रश्न. फ्यूज उडाला की अंधार होतो, पण उजेड फ्यूजमधून येतो असं कोणी म्हणत नाही. जीनच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच म्हणतो आणि वर पेपरही छापतो.

गंमत म्हणजे "जीन" हा शब्द ज्यानं काढला त्या डॅनिश विल्हेल्म योहानसेनला हे १९०९ सालीच माहीत होतं. त्याचं काम घेवड्याच्या बियांवर होतं. एकाच झाडापासून स्वपरागणानं वाढवलेला वंश घ्यायचा, म्हणजे सगळ्यांचा वारसा जवळपास एकच, तरी बिया लहानमोठ्या निघतातच. त्यातल्या जड बिया वेगळ्या पेरल्या, हलक्या वेगळ्या पेरल्या, तर पुढच्या पिढीत दोन्हीकडचं सरासरी वजन सारखंच. म्हणजे लहानमोठेपणा खरा होता, काट्यावर दिसत होता, पण वारशात उतरत नव्हता. जीनोटाइप (वारशात मिळालेलं) आणि फेनोटाइप (प्रत्यक्ष दिसणारं) हे दोन शब्द त्यानं वेगळे केले ते याच कारणासाठी. आपण नंतर शंभर वर्षं त्या दोघांना परत चिकटवत बसलो. सेंट्रल डॉग्मा, म्हणजे पेशीत माहिती कुठून कुठे जाते त्याचा नियम, त्याचंही तसंच, १९५८ मध्ये फ्रान्सिस क्रिक एवढंच म्हणत होता की प्रोटीनच्या क्रमातली माहिती उलटी न्यूक्लिक ॲसिडमध्ये, म्हणजे डीएनए किंवा त्याची नक्कल असलेल्या आरएनएमध्ये, जात नाही, "डीएनए सगळ्यांचा मालक" असं त्यात कुठेही नव्हतं, ते मागाहून आपल्या डोक्यात शिरलं.

आता रिडक्शनिझमची सगळ्यात भक्कम केस घेऊ, म्हणजे मी सोपं लक्ष्य निवडलं असं व्हायला नको. सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं सरकतं, म्हणजे आजार एका रेणूत आहे. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅमनं नेमक्या जागेवर बोट ठेवलं: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. डीएनएचं एक अक्षर बदललं, एक अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी) बदललं, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी झाली, माणूस आजारी. यापेक्षा सरळ साखळी जीवशास्त्रात सापडणं अवघड.

पण पॉलिंगच्या पेपरच्या एक वर्ष आधी, १९४८ मध्ये, जॅनेट वॉटसन नावाच्या न्यूयॉर्कमधल्या डॉक्टर बाईंनी एक साधी गोष्ट बघून ठेवली होती. हाच दोष घेऊन जन्मलेली बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात. कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते बीटाऐवजी गॅमा साखळी वापरतं, आणि ते भरपूर असेपर्यंत पेशी वाकड्या होत नाहीत. म्हणजे म्युटेशन (जीनमधला बदल) तेच, माणूस तोच, आजार नाही. मोठेपणीसुद्धा काही लोकांत हे गर्भाचं हिमोग्लोबिन पूर्ण बंद होत नाही आणि त्यांचा आजार सौम्य राहतो. अगदी तेच एक अक्षर बदललेली दोन माणसं, एकाला महिन्यातून दोनदा हॉस्पिटल आणि दुसऱ्याला निदान होतं तेच मोठेपणी, असं होऊ शकतं.

मग २००७-०८ च्या सुमारास गर्भाचं हिमोग्लोबिन कुणाचं जास्त कुणाचं कमी हे शोधताना बीसीएल११ए नावाच्या जीनजवळचे फरक सापडले, आणि कळलं की हा गॅमा साखळीवरचा ब्रेक आहे. आता खरी मजा. क्रिस्परवर, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्रावर, आधारलेलं जगातलं पहिलं मान्यता मिळालेलं औषध, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं मंजूर केलं, ते सिकल सेलवर आहे, आणि ते सिकल सेलचं म्युटेशन दुरुस्त करतच नाही! ते अक्षर तसंच राहतं. औषध बीसीएल११एचा ब्रेक सैल करतं आणि गर्भाचं हिमोग्लोबिन परत चालू होतं. बरं, तो जीनही सरसकट तोडून चालत नाही, कारण तोच जीन लिम्फोसाइट्सना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लागतो, मेंदूच्या वाढीला लागतो, म्हणून तांबड्या पेशींच्या वंशातच काम करणारा त्याचा एन्हान्सर, म्हणजे जीन चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा, तेवढा कापतात. एकाच जीनचं रक्तात एक काम, मेंदूत दुसरं. आता सांगा हा कशा"चा" जीन?

मला हे उदाहरण आवडतं कारण यात कोणी रिडक्शनिस्टांना हरवलेलं नाही. एक अक्षर शोधणारे बरोबर होते, ब्रेक शोधणारेही बरोबर होते, जीन कापायची कात्री नसती तर यातलं काहीच झालं नसतं. पण फक्त त्या एका अक्षराकडेच टक लावून बसलो असतो तर इलाज दुसऱ्या जीनच्या शेजारी पडलाय हे दिसलंच नसतं.

आता माझी स्वतःची फजिती. पहिला नॉकआऊट (जीन काढून टाकलेला उंदीर) मी केला तेव्हा तो जीन सगळ्या पेपरांमध्ये "अत्यावश्यक" म्हणून मिरवत होता, पेशींवर केलेले प्रयोग तसंच सांगत होते. दोन वर्षं घालवून उंदीर तयार केले. दोन हेटेरोझायगस (एक प्रत चांगली, एक मोडलेली) उंदरांची जोडी लावली की पिल्लांत चारातलं एक होमोझायगस (दोन्ही प्रती मोडलेलं) हवं, आणि तो जीन जर खरंच अत्यावश्यक असेल तर असं पिल्लू जन्मालाच यायला नको. २१ व्या दिवशी शेपटीचं टोक कापून पीसीआर लावला, जेल चालवलं, म्हणजे डीएनए तपासला, तर होमोझायगस पिल्लं अगदी हिशोबात, पाव म्हणजे पाव. पिंजऱ्यात पळतायत, चाकावर फिरतायत. मी आधी प्रायमरवर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) शंका घेतली. मग सदर्न केला (डीएनएची दुसरी तपासणी). मग वेस्टर्न केला (प्रोटीनची तपासणी), प्रोटीनचा पट्टा गायब, फिल्म कोरी. गाइड म्हणाले प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी बदलून बघ. बदलली, तरी कोरी. शेवटी वहीत फेनोटाइपच्या रकान्यात "नाही" असं लिहिलं आणि खरं सांगते, त्या रात्री रडले.

नंतर दुसऱ्याच एका कामासाठी आम्ही ती लाइन (त्या उंदरांचा वंश) ब्लॅक सिक्स या लॅबमधल्या उंदरांच्या जातीवर बॅकक्रॉस करत गेलो, म्हणजे दर पिढीला त्याच जातीशी जोडी लावत गेलो, दहा पिढ्या, म्हणजे त्या जीनच्या आसपासचा तुकडा सोडला तर बाकी जवळजवळ सगळा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ब्लॅक सिक्सचा. आणि आता होमोझायगस पिल्लं मिळेनात. एकही नाही. गर्भ काढून बघितले तर साडेबाराव्या दिवशी फिकट पडलेले, नाळेचा थर बारीक. जीन तोच, तुकडा तोच कापलेला, आजूबाजूचे बाकीचे हजारो जीन बदलले तर एकीकडे "काही होत नाही" आणि दुसरीकडे मृत्यू.

मला वाटलं हे माझ्याच नशिबी आलंय, पण हे तर १९९५ मध्येच छापून आलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. ईजीएफआर हा रिसेप्टर (पेशीवरचं, बाहेरचे संकेत घेणारं प्रोटीन), कॅन्सरवाल्यांचा लाडका. त्याचा नॉकआऊट एका स्ट्रेनमध्ये (उंदरांच्या एका जातीत) गर्भ रुजायच्या सुमारालाच मरतो, दुसऱ्यात गर्भारपणाच्या मध्यावर नाळेच्या दोषानं मरतो आणि तिसऱ्यात जन्माला येऊन तीन आठवड्यांपर्यंत जगतो. एका जीनची तीन वेगवेगळी "कामं", आणि तिन्ही उत्तरं बरोबर.

यामागे काय चालतं त्याचा एक धागा झेब्राफिश या छोट्या माशावर सापडला. २०१५ मध्ये ईजीएफएल७ या जीनबद्दल असं दिसलं की त्याचा आरएनए तात्पुरता दाबला तर रक्तवाहिन्यांची वाट लागते, पण जीन कायमचा मोडलेले मासे बहुतेक चांगले असतात. पहिल्यांदा लोक म्हणाले दाबायचं तंत्र घाणेरडं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण मोडलेल्या माशांत त्याच कामाचे दुसरे जीन वर चढलेले होते. २०१९ मध्ये कळलं की मोडक्या जीनचा बिघडलेला आरएनए पेशी तोडते तेव्हा त्या तुकड्यांमुळेच सारख्या क्रमाचे नातेवाईक जीन जागे होतात. म्हणजे आपण एक खांब काढतो आणि इमारत दुसऱ्या खांबावर भार टाकून घेते, आणि आपण वहीत लिहितो की हा खांब शोभेचा होता.

यीस्टमध्येही हेच. त्याचे सहा हजारांच्या आसपास जीन, एकेक काढला तर चांगल्या खुराकावर सुमारे ८० टक्के जीनशिवाय यीस्ट मजेत वाढतं. मग २००८ मध्ये शेकडो वेगवेगळी रसायनं आणि परिस्थिती लावून बघितली तर ९७ टक्के जीन असे निघाले की कुठे ना कुठे ते नसल्याचा फरक पडतोच. "अनावश्यक" ह्या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा "माझ्या फ्लास्कमध्ये अनावश्यक" एवढाच असतो.

परिस्थिती म्हणजे काय याची मात्र भल्याभल्यांना कल्पना नसते, आपण म्हणतो "एन्व्हायर्नमेंट" आणि एका शब्दात मोकळे होतो. १९९९ मध्ये तीन शहरांतल्या तीन लॅब्सनी ठरवून एक प्रयोग केला: उंदरांचे तेच स्ट्रेन, त्याच वयाचे, तीच उपकरणं, तेच खाद्य, दिवसाची तीच वेळ, जितकं सारखं करता येईल तितकं सारखं. तरी काही वर्तनाच्या टेस्टमध्ये स्ट्रेनमधले फरक लॅबप्रमाणे बदलले. का ते नक्की सांगता आलं नाही. मग २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषानं घातलेला टीशर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या आणि बघितलं तर कुठल्या दिवशी हाताळणी कुणी केली हे लिहिलेलंच नव्हतं. आता आमच्याकडे तो रकाना सक्तीचा आहे, पोरं हसतात, हसू देत.

माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या जीनोम प्रोजेक्टबद्दल फार लिहीत नाही, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लाखभर जीन निघतील असे अंदाज होते, प्रोटीन बनवणारे निघाले वीस हजारांच्या आसपास, आणि एक मिलिमीटरच्या सी. एलिगन्स किड्याकडेही साधारण तितकेच. त्या किड्याच्या शरीरात पेशी ९५९. लोकांना याचा अपमान वाटला, मला तर सुटल्यासारखं वाटलं, कारण मोजायची गोष्टच चुकली होती. फळमाशीचा डीएसकॅम नावाचा एक जीन आहे, त्याचे तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ प्रकारची प्रोटीन्स बनू शकतात, आणि त्या माशीचे एकूण जीन साधारण १४ हजार. एक जीन एक प्रोटीन म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

आणि पॅक्स६. "डोळ्याचा जीन" म्हणून सगळ्या पुस्तकांत असतो. १९९५ मध्ये वॉल्टर गेहरिंगच्या गटानं माशीचा हा जीन माशीच्याच पायावर, पंखावर चालू केला आणि तिथे डोळे उगवले. मग उंदराचा पॅक्स६ माशीत घातला, तर त्यानंही डोळा उगवला. पण कोणता? माशीचा! बारीक बारीक भिंगांचा, जाळीदार. उंदराच्या जीननं उंदराचा डोळा सांगितलाच नाही, त्यानं फक्त "इथे डोळा" म्हटलं आणि डोळा म्हणजे काय ते माशीच्या पेशींनी आपल्या पद्धतीनं ठरवलं. मी शिकवते तेव्हा या प्रयोगावर अख्खं लेक्चर घालवते.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथे आहे तिथे येते, हेरिटेबिलिटी. "उंची ८० टक्के आनुवंशिक आहे" हे वाक्य ऐकलं की बहुतेकांना वाटतं माझ्या उंचीतली ८० टक्के जीनमुळे आणि उरलेली २० टक्के खाण्यापिण्यामुळे. तसं अजिबात नाही. हेरिटेबिलिटी हा एका माणसाबद्दलचा आकडाच नाही. एका ठरावीक लोकसमूहात, ठरावीक काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जीनमधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. परत तोच मुद्दा, फरकाचा आकडा आहे, गोष्टीचा नाही. हाताला बोटं किती हे बघा. पाच बोटं बनवण्यात जीन नाहीत असं कोण म्हणेल? पण लोकांत बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो तो बराचसा मशीनमध्ये हात जाऊन वगैरे झालेला, म्हणून बोटांच्या संख्येची हेरिटेबिलिटी कमी. आणि उलट, उंचीची इतकी जास्त असूनही १८९६ मध्ये आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियातल्या बायकांच्या सरासरी उंचीत साधारण २० सेंटिमीटरचा फरक आहे. शंभर वर्षांत जीन तेवढे बदलत नाहीत हो. सगळ्यांचं जगणं एकदम सुधारलं तर सगळेच वर सरकतात आणि हेरिटेबिलिटी आहे तिथेच राहते, किंबहुना थोडी वाढूही शकते.

बरं हे "उंचीचे जीन" किती? २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या डेटावर अभ्यास आला, जीनोममध्ये १२,१११ जागा सापडल्या, त्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक सांगतात, आणि इतर वंशांच्या लोकांत १० ते २० टक्के. बारा हजार जागा! यातला प्रत्येक "उंचीचा" म्हटला तर मग जवळजवळ काहीही उंचीचंच आहे, आणि दुसऱ्या समूहात गेलं की हाच हिशोब फार तर अर्धाच लागू पडतो.

पीकेयू या आनुवंशिक आजाराचं उदाहरण सगळे देतात, मीही देणार, पण दुसऱ्या टोकानं. यात फिनाइलअलानिन हे अमिनो ॲसिड तोडणारं एन्झाइम काम करत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदूची वाढ खुंटते. १९३४ मध्ये नॉर्वेत ॲसबियर्न फोलिंगनं ओळखलेला आजार. १९५० च्या दशकात कळलं की ते अमिनो ॲसिड अगदी कमी असलेला आहार सुरुवातीपासून दिला तर मूल नीट वाढतं. इथवर पुस्तकात असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. अशा आहारावर नीट वाढलेल्या मुली मोठ्या झाल्या, आहार सुटला, त्यांना मुलं झाली, आणि त्या मुलांच्या मेंदूला इजा झालेली. आता त्या मुलांकडे वडिलांकडून आलेली चांगली प्रत होती, त्यांच्या स्वतःच्या जीनोटाइपमध्ये पीकेयू नव्हताच. आईच्या रक्तातलं जादा फिनाइलअलानिन नाळेतून गेलं. म्हणजे पीकेयूचा जीनोटाइप असून आजार नाही, आणि जीनोटाइप नसून इजा आहे, दोन्ही एकाच कुटुंबात. आईचा जीन हा मुलाचा एन्व्हायर्नमेंट झाला. जीन विरुद्ध वातावरण अशी रेघ कुठे मारणार तुम्ही?

आणि तिसरी गोष्ट, जी दोन्ही बाजूचे लोक विसरतात: निव्वळ योगायोग. २००१ च्या डिसेंबरमध्ये पहिलं मांजर क्लोन झालं, सीसी. जिच्या पेशीपासून केलं ती रेनबो ही कॅलिको, म्हणजे पांढऱ्यावर काळे-केशरी ठिपके. सीसीच्या अंगावर केशरी रंग नावालाही नव्हता. मादी सस्तन प्राण्यांत प्रत्येक पेशी दोन एक्स क्रोमोझोमपैकी एक बंद करते, कुठला ते गर्भात नाणं उडवल्यासारखं ठरतं, आणि मग ती पेशी आणि तिची लेकरं तोच निर्णय पाळतात. मेरी लायनने हे १९६१ मध्ये सांगितलं होतं. क्लोनिंगला घेतलेल्या त्या एका पेशीत केशरी रंगवाला एक्स आधीच बंद होता आणि तो परत उघडला नाही, संपला विषय. तेच डीएनए, दुसरं मांजर. संगमरवरी क्रेफिश नावाचा प्राणी तर नराशिवायच पिल्लं घालतो, सगळी पिल्लं क्लोन, एका टाकीत एकत्र वाढवली तरी अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी. यात जीनही नाही आणि आपण ज्याला वातावरण म्हणतो तेही नाही. पेशी वाढताना होणारी धडपड आहे ती. जुळ्या बहिणींपैकी एकीलाच आजार का झाला असं विचारलं की लोक लगेच लहानपणातलं काहीतरी उकरून काढतात, कधीकधी उत्तर एवढंच असतं की झाला.

आता मुलाच्या प्रश्नातल्या "संपला" या शब्दाबद्दल. मला या घोषणेचा कंटाळा येतो, कारण रिडक्शनिझमच्या पलीकडे जातो म्हणणारे लोक पण तेवढीच घाई करतात. २००३ चा तो प्रसिद्ध पेपर आठवा, सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर या मेंदूतल्या प्रोटीनच्या जीनचा आखूड प्रकार ज्यांच्यात आहे त्यांना आयुष्यात ताण आला की डिप्रेशनची शक्यता जास्त. किती सुंदर होतं ते, जीनही आणि परिस्थितीही, दोघांचा मेळ, आम्ही सगळ्यांनी स्लाइडवर घेतलं. मीही घेतलं. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या डेटावर डिप्रेशनचे १८ नावाजलेले कॅंडिडेट (आधीच संशयित ठरवलेले) जीन तपासले, ताणाबरोबरचा मेळसुद्धा तपासला, तर ते असेच कुठलेही उचललेले जीन घेण्यापेक्षा काही चांगले निघाले नाहीत. तोवर त्यावर शेकडो पेपर छापून झालेले. "इंटरॲक्शन" म्हटलं म्हणजे आपोआप खरं होत नाही. उलट इंटरॲक्शन पकडायला नमुना कितीतरी मोठा लागतो, आणि आपण तो लहान घेतो.

एपिजेनेटिक्सबद्दल, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता त्यावर बसणाऱ्या खुणांबद्दल, तर विचारूच नका. अगूटी उंदरांवरचं २००३ चं काम पक्कं आहे, आईला मिथाइल गट देणारा आहार दिला तर पिल्लांच्या रंगाचा कल बदलतो. पण तो एका खास जीनचा किस्सा आहे, तिथे एक उडतं डीएनए (जागा बदलणारा तुकडा) येऊन बसलंय म्हणून तसं होतं. त्यावरून थेट "आजोबांचं दुःख नातवाच्या डीएनएत" वगैरे जे चालतं ते वाचून डोकं उठतं. सस्तन प्राण्यांत बहुतेक मिथाइल खुणा बीजपेशी बनताना आणि परत गर्भाच्या सुरुवातीला पुसल्या जातात. काही सुटतात, त्यावर अभ्यास चालूय. माणसात पिढ्यानपिढ्या असं उतरतं याचा पुरावा कमजोर आहे. जीनचा "चा" काढून तिथे मिथिलेशनचा "चा" लावला तर आपण होतो तिथेच आहोत.

मग रोजच्या कामात काय करायचं? मी माझ्या विद्यार्थ्यांना "अमक्याचा जीन" असं लिहूच देत नाही. लिहायचंच तर पूर्ण लिहा: कुठला प्राणी, कुठला स्ट्रेन, कुठल्या ऊतीत, कुठल्या वयात, कशाच्या तुलनेत, किती फरक. वाक्य लांबतं, वाईट दिसतं, रिव्ह्यूअर कापायला सांगतात, चालेल. नॉकआऊटमध्ये काही दिसलं नाही तर दुसरा स्ट्रेन, दुसरा आहार, थोडा ताण देऊन बघा, मगच "नाही" लिहा. जीन परत घातल्यावर गाडी रुळावर येते का ते बघा. आणि एखाद्या म्युटेशनचा धोका वाचताना तो आकडा कुणावरून काढला ते बघा. बीआरसीए१ या जीनचं म्युटेशन असलेल्या बाईला ८० व्या वर्षापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर व्हायची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास धरतात, हा फार मोठा आकडा आहे, त्याला हलकं घेऊ नका, पण सुरुवातीचे अंदाज याहून चढे होते कारण ते अशाच घरांमधून काढलेले जिथे आधीच कितीतरी जणींना झालेला. बाकीच्यांची तपासणी कोण करणार? २०१६ मध्ये जवळजवळ ५ लाख ८९ हजार लोकांचा डेटा चाळून १३ जण असे सापडले की ज्यांना लहानपणीच गंभीर जनुकीय आजार व्हायला हवा होता आणि ते मोठे होऊन धडधाकट फिरतायत. नावं माहीत नसल्यामुळे त्यांना परत गाठता आलं नाही, संमतीपत्रात ती सोयच नव्हती. त्या तेरा जणांत काय आहे ते कळलं असतं तर मला वाटतं ते दहा नॉकआऊटइतकं मोलाचं झालं असतं.

पीएचडीचं म्हणशील तर जेनेटिक्समध्येच कर. पण पहिल्या वर्षात स्टॅटिस्टिक्स नीट शिकून घे, आणि महिनाभर तरी मायक्रोस्कोपखाली गर्भ वाढताना बघ, नुसत्या सीक्वेन्सच्या फाइल्स बघून बायोलॉजी कळत नाही. आणि ज्या लॅबमध्ये जाशील तिथे विचार की ज्या लाइन्समध्ये काही दिसलं नाही त्या ठेवल्यात की टाकून दिल्या. आमची ती पहिली लाइन अजून लिक्विड नायट्रोजनमध्ये आहे. नळीवरच्या लेबलावर मी तेव्हा पेन्सिलीनं "फेनोटाइप: नाही" लिहिलं होतं, ते खोडून आता स्ट्रेनचं नाव लिहिलंय, आणि पुढे थोडी जागा मोकळी सोडलीय.